हूस की हूश? हंगेरियन आणि नॉर्वेजियन एकत्र शिकताना

डिचोलीत आमच्या घरी बोलतात कोकणी आणि वाचतात मराठी. दोन भाषा दोन कप्प्यांत ठेवायची सवय लहानपणापासूनची, म्हणून हंगेरियन आणि नॉर्वेजियन एकदम घेताना भीती वाटली नाही. वाटायला हवी होती.

गोव्याचा असून पोर्तुगीज का नाही, हे सगळेच विचारतात. नॉर्वेजियन शिकायला नॉर्वेला का गेला नाहीस, हा त्याहून रास्त प्रश्न. २०२३ पासून तिथल्या सरकारी विद्यापीठांनी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हंगारिकुम शिष्यवृत्ती मात्र भारतीयांना मिळू शकते, आणि बुडापेस्टच्या एल्टे विद्यापीठात स्कँडिनेव्हियन भाषांचा विभाग आहे. अर्जाची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यात संपते. गणपतीची चवथ आटोपली की कागदपत्रांच्या मागे लागा. नॉर्वेजियनचं व्याकरण तिथे हंगेरियनमधून समजावतात, तेव्हा आधी हंगेरियन पक्कं करा.

मी उलटं केलं. घरी बसून मोबाइलवर नॉर्वेजियन गिरवलं. तिथे ‘हूस’ म्हणजे घर. बुडापेस्टला उतरलो तर गल्लीगल्लीत दुकानांवर तीच अक्षरं, वर फक्त दीर्घाची रेघ. एवढे घरांचे दलाल? जवळ जाऊन पाहिलं तर काचेमागे सॉसेजेस टांगलेली. हंगेरियनमध्ये तो शब्द ‘हूश’, अर्थ मांस. त्यांच्या घराला ‘हाझ’ म्हणतात.

हंगेरियनच्या अठराएक विभक्तींनी लोक घाबरतात. आपण घाबरू नये. ‘घरात’ला जसा ‘त’, तसं ‘हाझबॉन’. बागेत म्हणायचं तर ‘केर्तबेन’, कारण प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वरांशी जुळवून घेतो. कुठलंतरी घर पाहतो तेव्हा ‘लातोक’, तेच ठरावीक घर पाहतो तेव्हा ‘लातोम’. वर्गातले जर्मन यावर हैराण होते. मला आंबा खाल्ला, कैरी खाल्ली आठवलं. कर्माकडे बघून क्रियापद बदलणं आपल्याला काही नवं नाही.

नॉर्वेजियन अगदी उलट. पुस्तक सोपं, मी, तू, ते, सगळ्यांना क्रियापद एकच. कान मात्र रडवतात. ‘मी’ला ऑस्लोत ‘यै’, बर्गनला ‘एग’, उत्तरेत नुसतं ‘ऍ’. शिवाय बोकमोल आणि नीनोर्स्क अशी दोन लेखी रूपं, १८८५ पासून सरकारदरबारी समान. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून घरात कोकणी-मराठीचे वाद ऐकत वाढलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

एक चूक टाळा: दोन्हींचे तास लागोपाठ घेऊ नका. मी घेतले, आणि तोंडी परीक्षेत नॉर्वेजियन शब्दाला हंगेरियन प्रत्यय लावून बसलो. आता मध्ये तासभर मोकळा ठेवतो आणि घरी फोन लावतो. इथे सकाळचे दहा, तिथे दुपार, आई जेवायला बसलेली. दहा मिनिटं कोकणीत नुस्त्याचे, म्हणजे मासळीचे, भाव ऐकले की जीभ पुन्हा कोरी होते.