डब्ल्यूआरएक्सच्या मागच्या डिफचं तेल: आधी वरचा प्लग
जुन्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये मागच्या डिफरन्शियलचा (डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तेल भरायचा वरचा प्लग अनेकदा गंजून जाम झालेला असतो. तेल काढल्यावर तो निघालाच नाही, तर नवीन तेल भरता येत नाही आणि गाडी जागच्या जागी अडकली!

1. गाडी थोडी फिरवून तेल कोमट करा. चारही चाकं सारख्याच उंचीवर घ्या.
2. आधी वरचा प्लग सैल करा. चौकोनी खाच असेल तर सॉकेट पान्याचं अर्धा इंची एक्स्टेन्शन (जोडदांडा) थेट बसतं, पण खाचेतली माती आधी खरवडून काढा. नाहीतर कडा झिजल्या की पंचाईत.
3. मगच तेल काढायचा खालचा प्लग उघडा. राखाडी चिखल दिसला तर ठीक, धातूचे तुकडे दिसले तर गॅरेज गाठा.
4. खालचा प्लग लावून 75डब्ल्यू-90 जीएल-5 गिअर ऑइल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा, साधारण 0.8 लिटर.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.