वाफेच्या मागे चालत जा : मराठवाड्यातून केमिकल इंजिनिअरिंगला येणाऱ्यांसाठी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, म्हणजे ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींची ‘जलदूत’ येऊ लागली. तिच्या एका खेपेला २५ लाख लिटर पाणी यायचं. आमच्या गल्लीत टँकर आला की आई आणि मी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायचो, आणि तिथेच मी सीईटीची पुस्तकं चाळायचे. लातूरमध्ये बारावी सायन्सच्या पोरीला सगळे एकच विचारतात, ‘मेडिकल ना?’ मी केमिकल घेतलं. २०२० मध्ये पदवी झाली आणि त्याच हंगामात एका साखर कारखान्याच्या प्रोसेस विभागात ट्रेनी म्हणून लागले. कारखान्याला जोडून डिस्टिलरीही होती.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे तो २५ लाखांचा आकडा. पहिल्याच महिन्यात तो मला कारखान्यात पुन्हा भेटला.

उसात साधारण ७० टक्के पाणी असतं. दिवसाला ३,५०० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाच्या पोटातून रोज २,४५० टन पाणी येतं, म्हणजे साडेचोवीस लाख लिटर. रोज एक जलदूत! हा हिशेब वहीत केला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. एवढं पाणी दारात येतं, तरी कारखाना बंधाऱ्यातून पाणी का उचलतो? मग हे जातं कुठे?

उसाला पाणी फार लागतं आणि मराठवाड्यासारख्या भागात हे पीक इतकं असावं का, हा वाद मला मान्य आहे. माझ्या आजोळी ठिबकशिवाय ऊस लावायचा नाही, हा निर्णय आम्ही मामाच्या मागे लागून करून घेतला. पण शेतातून निघून गव्हाणीत पडलेल्या उसातलं पाणी कुणीतरी आधीच मोजून दिलेलं असतं. ते पुन्हा वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं प्रोसेस इंजिनिअरच्या हातात असतं.

पुस्तकात ‘शाश्वत प्रक्रिया आराखडा’ हा विषय शेवटच्या प्रकरणात येतो. आधी रिॲक्टर (रासायनिक अभिक्रियेचं भांडं), मग ऊर्ध्वपातन, मग खर्च, आणि सगळं झाल्यावर पर्यावरण. माझ्या अनुभवात हा क्रम उलटा आहे. आधी ताळेबंद मांडायचा, आत आलेला प्रत्येक टन कुठून बाहेर पडला ते बघायचं, मग बाकीचं. आणि हा ताळेबंद खुर्चीत बसून मांडता येत नाही.

मी काय केलं ते सांगते. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन चार दिवस मिलपासून साखरेचे दाणे धरतात त्या पॅनपर्यंत फिरले. जिथे जिथे पाणी सांडताना दिसलं तिथे बादली लावली. मिलच्या बेअरिंगला थंड ठेवणारं पाणी एका नळीतून थेट गटारात जात होतं आणि बादली ८ सेकंदांत भरत होती. सेकंदाला अडीच लिटर, तासाला ९ हजार, दिवसाला २ लाख १६ हजार. जलदूतच्या चार वाघिणींपेक्षा जास्त पाणी, एका नळीतून. ते पाणी घाण नव्हतं, फक्त थोडं कोमट झालं होतं. एक छोटा कूलिंग टॉवर आणि एक पंप बसवून ते पुन्हा फिरवता आलं. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नाही. म्हणून ट्रेनी मुलांना मी पहिल्या आठवड्यात लॅपटॉप उघडू देत नाही, हातात बादली देते.

वाफेचा ताळेबंद त्याहून गोड आहे, आणि तो समजला तर अर्धं केमिकल इंजिनिअरिंग समजलं असं मला वाटतं.

आपल्याकडचं गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. काहिलीत रस उकळतो आणि वाफ वर निघून जाते. जेवढं पाणी उडवायचं तेवढी उष्णता जाळावीच लागते. कारखान्यात स्वच्छ रस येतो साधारण १५ ब्रिक्सचा (१०० किलोत १५ किलो विरघळलेले पदार्थ, मुख्यतः साखर) आणि सिरप करायचं असतं ६० ब्रिक्सचं. म्हणजे १०० किलो रसातून ७५ किलो पाणी उडवायचं. हे काहिलीसारखं एकाच भांड्यात केलं तर ढोबळमानाने ७५ किलो वाफ लागेल. पण रसातून निघालेली वाफ वाया न घालवता पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवायला दिली, त्यातून निघालेली त्याच्या पुढच्याला, अशी पाच भांडी जोडली (कारखान्यात एका भांड्याला ‘बॉडी’ आणि सगळ्या संचाला ‘इव्हॅपोरेटर’ म्हणतात) तर तेच ७५ किलो पाणी सुमारे १५ किलो वाफेत उडतं. दाब कमी असला की रस कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे प्रत्येक पुढच्या बॉडीला आधीच्या बॉडीची वाफ पुरते. ही कल्पना नॉर्बर्ट रिलिउ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इंजिनिअरची. त्याने १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं, तेही साखरेसाठीच. आज दूध, कागद, खारं पाणी गोड करणं, सगळीकडे ती वापरतात.

रिलिउचा दुसरा नियम तर पाठच करा. पाच बॉडींच्या संचात तिसऱ्या बॉडीची वाफ काढून रस तापवायला वापरली, तर काढलेल्या वाफेच्या तीन पंचमांश मूळ वाफ वाचते. तासाला १० टन वाफ तिथून घेतली की ६ टन वाचली. पहिल्या बॉडीतून घेतली तर फक्त २ टन. म्हणून रस थोडासाच तापवायचा असेल तर शक्य तितक्या पुढच्या, म्हणजे शेवटाकडच्या बॉडीची वाफ वापरायची. हातातल्या कामाला पुरेल एवढीच गरम उष्णता खर्च करायची, त्याहून चढी नाही. १९७० च्या दशकात बोडो लिनहॉफ आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं पिंच विश्लेषण हीच गोष्ट गणिताने सांगतं. गरम होणारे आणि थंड होणारे सगळे प्रवाह एका आलेखावर मांडायचे, ते सर्वांत जवळ येतात तो बिंदू शोधायचा आणि त्याच्या आरपार उष्णता जाऊ द्यायची नाही. कॉलेजमध्ये मी हे पाठ करून मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ मला इव्हॅपोरेटरच्या फ्लोअरवर कळला.

आता माझी चूक.

पहिल्या बॉडीला टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली (एक्झॉस्ट) वाफ लागते, त्यामुळे तिचं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, शुद्ध असतं आणि ते बॉयलरला परत जातं. पुढच्या बॉडींना रसाची वाफ लागते, म्हणजे त्यांचं कंडेन्सेट हेच उसातलं पाणी, पण त्यात रसाचे तुषार येऊ शकतात. दुसऱ्या हंगामात मी तिसऱ्या बॉडीचं कंडेन्सेटही बॉयलरच्या टाकीला जोडायचा प्रस्ताव दिला. तीन दिवसांचे नमुने स्वच्छ आले होते, ताजं पाणी वाचत होतं, इंधनही. लाइन जोडली. आमच्या इव्हॅपोरेटरवर तीस हंगाम काढलेले एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामाच म्हणत. ते मला म्हणाले होते, “ताई, तीन दिवस समदं नीट चाललंय म्हणून पानी साफ हाय. व्हॅक्यूम हिसका मारतंय तवा बघा की.”

मी ते मनावर घेतलं नाही. नवव्या रात्री व्हॅक्यूम हलला, बॉडीत रस उसळला आणि वाफेबरोबर पुढे गेला. मामांनीच नमुना आणून अल्फा नॅफ्थॉलची चाचणी लावली. परीक्षानळीत कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडलं आणि जांभळी कडी उमटली. साखर! बॉयलरमध्ये साखर गेली की तिची आम्लं होतात, पीएच उतरतो, फेस येतो, नळ्यांत कार्बन बसतो. आम्हाला बॉयलरच्या टाकीतलं सगळं गरम पाणी सोडून द्यावं लागलं. नऊ दिवसांत वाचवलेल्यातलं बरंचसं एका रात्रीत गेलं.

पुढच्या ऑफ-सीझनमध्ये तीच लाइन आम्ही पुन्हा जोडली, पण तिच्यावर कंडक्टिव्हिटी मीटर आणि आपोआप वळणारा व्हॉल्व्ह बसवला. साखर स्वतः वीज वाहत नाही, पण तिच्याबरोबर येणारे रसातले क्षार वाहतात, त्यामुळे रस आला की मीटरचा आकडा चढतो आणि पाणी दुसऱ्या टाकीकडे वळतं. त्याच्या जोडीला चाचणीही चालूच ठेवली. आराखडा नेहमीच्या दिवसासाठी करायचा नसतो, वाईट दिवसासाठी करायचा असतो, आणि वाईट दिवस कसा असतो हे ऑपरेटरला ठाऊक असतं. आता मी कुठलाही बदल कागदावर नेण्याआधी तिन्ही शिफ्टच्या माणसांशी बोलते. रात्रपाळीशी तर नक्कीच.

ऑप्टिमायझेशनबद्दल मला जे सांगायचंय ते मी परीक्षेच्या पेपरात कधी लिहिलं नसतं. पुस्तकातलं उदाहरण खर्च कमीत कमी करा असं सांगतं. त्यात पाण्याची किंमत घनमीटरला काही रुपये धरलेली असते. एवढ्या स्वस्त पाण्यावर गणित सोडवलं की उत्तर ठरलेलं: ताजं पाणी घ्या, वापरा, सोडा. गणित बरोबर असतं, मांडणी चुकलेली असते. आपल्याकडे पाणी ही किंमत नाही, ती मर्यादा आहे. दुष्काळाच्या वर्षी पैसे मोजूनही ते मिळत नाही. म्हणून मी ते उद्दिष्टाच्या समीकरणात न टाकता बंधन म्हणून टाकते: बाहेरून रोज इतकंच, त्यापुढे नाही. मग गणितच सांगतं की आणखी एक घनमीटर पाणी मिळालं तर किती रुपये वाचतील. याला शॅडो प्राइस म्हणतात. आमच्या आकडेमोडीत ती पाणीपट्टीपेक्षा कितीतरी जास्त निघते, आणि व्यवस्थापनासमोर पाणी वाचवण्याच्या यंत्रणेची मागणी मांडताना मी हाच आकडा पुढे ठेवते.

कूलिंग टॉवरचं साधं उदाहरण घ्या. तासाला १,००० घनमीटर पाणी फिरतंय आणि १० अंशांनी थंड होतंय, तर साधारण १५ घनमीटर हवेत उडतं. ते टाळता येत नाही, थंडावा त्यातूनच येतो. पण क्षार साठू नयेत म्हणून जे पाणी सोडतो, ते आपल्या हातात असतं. क्षार तिप्पट होईपर्यंत थांबलो तर तासाला साडेसात घनमीटर सोडावं लागतं, सहापट होईपर्यंत थांबलो तर तीन. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे सहापटीपर्यंत जायचं तर आधी ते मऊ करावं लागतं. तिथेच कंडेन्सेट कामाला येतं, कारण त्यात क्षार जवळपास नसतातच. उसातलं पाणी वापरायची ही माझी सर्वांत आवडती जागा.

डिस्टिलरीत मात्र प्रश्न अवघड होतो. मोलॅसिसपासून (मळीपासून) एक लिटर अल्कोहोल करताना ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. गडद तपकिरी आणि इतका सेंद्रिय भार असलेला, की नाल्यात गेला तर नाला मरतो. त्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही हा आजचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मग आधी बायोगॅस काढा, नंतर इव्हॅपोरेटरमध्ये घट्ट करा, बॉयलरमध्ये जाळा. राखेत पोटॅश असतं, ते खत म्हणून शेतात परत जातं. पण घट्ट करायला वाफ लागते आणि वाफेला इंधन. पाणी वाचवताना ऊर्जा वाढते. इथे एकच बरोबर उत्तर नसतं. दोन उद्दिष्टांमधला आलेख काढायचा आणि कुठल्या बिंदूवर उभं राहायचं ते माणसांनी ठरवायचं. मी दरवेळी आधी मागे जाऊन बघते. किण्वनात अल्कोहोलचं प्रमाण वाढलं तर स्पेंटवॉश मुळात कमीच होतो. शेवटी इलाज करण्यापेक्षा आधी कमी निर्माण करणं स्वस्त पडतं.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औषध कंपन्यांत जायचं असेल तर तुमची वाफ म्हणजे सॉल्व्हंट, अभिक्रियेत वापरायचे द्रावक. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. औषधांत तो २५ ते १०० किंवा त्याहूनही जास्त निघतो, आणि त्यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा असतो. ताळेबंदाची सवय तीच.

शिकायचं कुठे, हे मला सारखं विचारतात. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्थेत केमिकल आहे, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग आहे, आणि मुंबईच्या आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. साखरेतच राहायचं असेल तर मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सिम्युलेशनसाठी, म्हणजे प्रक्रिया संगणकावर चालवून बघण्यासाठी, महागडं सॉफ्टवेअर नसल्याचं दुःख करू नका. डीडब्ल्यूसिम मोफत आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी त्यात केलेले फ्लोशीट उघडून बघता येतात. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांच्या व्यासपीठावर पिंचची व्याख्यानं आहेत. पुढे एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा द्या, तिचा अभ्यासक्रमच बॉयलर, स्टीम ट्रॅप आणि पंप नीट शिकवतो.

साखरेत येणार असाल तर मोळी पडल्यावर रुजू होऊ नका. दोन महिने आधी, ऑफ-सीझनलाच या. तेव्हा बॉडीची झाकणं उघडी असतात, आत टॉर्च मारून नळ्यांवर बसलेला स्केल (क्षारांचा थर) नखाने खरवडून बघता येतो, तुषार अडवणारा कॅचर हातात घेता येतो. माझ्या त्या नवव्या रात्रीचं कारण तिथेच होतं. तिसऱ्या बॉडीला वाफ देणाऱ्या दुसऱ्या बॉडीच्या कॅचरची एक कड गंजून गेली होती आणि मी तो कधी वर चढून पाहिलाच नव्हता. शिडी उंच आहे, बूट घालून या.