डायनामो काढून अल्टरनेटर टाकताय? आधी अर्थिंग बघा

पावसात रात्री जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन कोकणातला परशुराम घाट चढला असाल तर माहितीये, हेडलाईट वायपर दोन्ही चालू, पुढे ट्रक रांगतोय, आणि डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरताना) करंट देतच नाही, उलट बॅटरी त्याच्यात उतरू नये म्हणून कटआउट (दोघांमधला आपोआप उघडणारा स्विच) त्याला तोडून टाकतो. अल्टरनेटर तेच काम करतो, पण आयडलिंगलापण बऱ्यापैकी देतो. मारुती 800 चा घ्या, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच असतो आणि भंगारातपण मिळतो.

पण आपल्याकडे खारी हवा, निम्मा आजार अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनपर्यंतच्या जोडणीचा असतो. इंजिन चालू, हेडलाईट चालू, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. 0.2 व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थपट्टी गेली समजा. वरून चांगली दिसते पण टोकाचा लग वाकवून बघा, आत तांब्याला हिरवं पीठ धरलेलं असतं. नवीन पट्टी टाका, बोल्टखालचा रंग काचपेपरने घासून लोखंड चकचकीत करा, आवळा आणि मग वरून व्हॅसलिन.

आता मुख्य काम. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्या, पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा खाणारच, आणि पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10-12 मिमी दबला पाहिजे. अल्टरनेटरच्या बी टर्मिनलपासून (करंट बाहेर येतो तिथून) बॅटरीपर्यंत नवीन 10 स्क्वेअर एमएम वायर, बॅटरीच्या टोकाला 60 अँपिअरचा फ्यूज, जुन्या वायरीवर भरवसा नको. लाल दिव्याची वायर अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला, आणि तो बल्ब उडालेला असेल तर आधी बदला, त्याच्यातूनच अल्टरनेटर जागा होतो. कटआउटचा डबा शोभेला राहू दे, वायरी मात्र काढून टाका, आणि त्याच्यावरून लाईट-इग्निशनला जाणारी सप्लाय बॅटरीकडे जोडायला विसरू नका नाहीतर गाडी मुकीच.

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात (बॅटरीचा प्लस बॉडीला), तिथे हे असंच जोडलंत तर अल्टरनेटरमधले डायोड जागेवर जळतील.

चालू करून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट आले पाहिजेत, 15 कडे गेलं तर रेग्युलेटर खराब. आणि कुणी जुना मिस्त्री चार्जिंग बघायला चालू गाडीची बॅटरी काढायला आला तर हात धरा त्याचा, ते डायनामोला चालायचं, अल्टरनेटर त्यानेच मरतो.