‘रिमोट’च्या पुढचं वाचा

परदेशी कंपनीचं काम घरबसल्या शोधताना नुसता ‘रिमोट’ शब्द पाहून अर्ज धाडू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘अमेरिकेत कुठूनही’ एवढाच असतो. ‘वर्ल्डवाइड’ लिहिलंय का, देशांची यादी असेल तर त्यात भारत आहे का, ते आधी बघा.

मग घड्याळ. बर्लिन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तिथे सकाळचे 9 वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा किंवा दीड. हे निभतं. न्यूयॉर्कची दुपारी 2 ची मीटिंग मात्र आपल्याकडे रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला. घरात लहान मूल असेल तर मी युरोपच निवडेन. अर्जातच स्पष्ट लिहा: ‘तुमच्या वेळेनुसार सकाळी 9 ते 1 मी ऑनलाइन असेन.’ मोघम ‘फ्लेक्सिबल’पेक्षा याने समोरच्याची शंका फिटते.

नोकरी की कंत्राट, हे पहिल्याच बोलण्यात विचारा. कंपनीची भारतात शाखा नसेल तर बहुधा कंत्राटच. मग पीएफ नाही, पगारी रजा नाही आणि आगाऊ कर आपला आपण भरायचा. हे धरूनच दर सांगा. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-8 बेन फॉर्म मागेल. घाबरू नका, आपण तिथले करदाते नाही हे त्यात सांगायचं असतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, पण एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) दाखल केलं तर सेवेच्या निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं.

आणि लॅपटॉप, ट्रेनिंग, व्हेरिफिकेशन अशा नावाखाली कुणी पैसे मागितले, तर तिथेच बोलणं थांबवा.