ब्रोकोली आणि फुलकोबीची तुलना करताना या चुका टाळा

ब्रोकोली हिरवी म्हणून पौष्टिक आणि फुलकोबी पांढरी म्हणून निःसत्त्व, असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक होय. वास्तविक दोन्ही भाज्या ब्रासिका ओलेरासिया या एकाच वनस्पतिजातीच्या आहेत. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सुमारे ८९ मिलिग्रॅम, तर तेवढ्याच फुलकोबीत सुमारे ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. बीटा कॅरोटीन आणि ल्युटीन ही रंगद्रव्ये पांढऱ्या फुलकोबीत जवळजवळ नसतातच. मात्र फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वातील फरक किरकोळ असून कोलीन हे पोषक द्रव्य फुलकोबीतच दुपटीच्या आसपास जास्त असते.

हे आकडे कच्च्या भाजीचे आहेत, याचा विसर पडणे ही त्याहून मोठी चूक. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचा बराच अंश त्यासोबत निघून जातो, आणि मग तक्त्यात सरस ठरलेली ब्रोकोली ताटात सरस राहीलच असे नाही. त्यापेक्षा तीन-चार मिनिटे वाफवावी. तुऱ्यांचा रंग मळकट होऊ लागला, की ती गरजेपेक्षा जास्त शिजली असे समजावे.

ब्रोकोलीतील सल्फोराफेन या ज्या गंधकयुक्त संयुगाचा एवढा गवगवा होतो, ते भाजीत आयते नसते. ती चिरल्यावर मायरोसिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेतून ते तयार होते आणि हे विकर उष्णतेने निकामी होते. म्हणून चिरलेले तुरे अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजवावेत. एवढा धीर नसेल, तर शिजलेल्या भाजीवर मोहरीची पूड भुरभुरावी, कारण मोहरीतही हेच विकर असते. अर्थात, सल्फोराफेनमुळे कर्करोग टळतो असे छातीठोकपणे सांगणे अतिशयोक्तीचे ठरेल.

देठ टाकून देऊ नयेत. वरची जाड साल काढली की ते कोवळे लागतात.

पोट फुगत असेल, तर एक भाजी सोडून दुसरी धरण्याने फारसा लाभ होत नाही, कारण वायू धरण्याची खोड दोघींनाही आहे. प्रमाण कमी करून ती नीट शिजवणे अधिक उपयोगी ठरते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांसाठी मात्र निवड महत्त्वाची आहे. १०० ग्रॅम ब्रोकोलीत सुमारे १०० मायक्रोग्रॅम, तर फुलकोबीत १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास के जीवनसत्त्व असते आणि रक्त गोठण्यास मदत करणारे हे जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते, त्यामुळे आरोग्यदायी म्हणून ब्रोकोली एकाएकी वाढवण्याआधी, किंवा ती एकदम बंद करण्याआधीही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे.