मुंबई बघायची तर गेटवेपासून नको, राणीबागेपासून सुरू करा

पाहुणे आले की बहुतेक जण त्यांना आधी गेटवेला नेतात, मग फोटो, मग ऊन, आणि बागा-म्युझियम राहूनच जातात. माझं ऐका, भायखळ्याच्या राणीबागेपासून सुरू करा आणि बंदराकडे शेवटी या.

आधी वार ठरवा. राणीबाग आणि तिला लागूनच असलेलं भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद, घारापुरी (एलिफंटा लेणी) सोमवारी बंद, आणि शनिवार-रविवारी राणीबागेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे राणीबागेसाठी उरले सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार.

भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरायचं, चालत जाता येतं, आणि गेट उघडायच्या सुमारासच पोचायचं. बरोबर पोरं असतील तर आधी पेंग्विन दाखवून टाका, नाहीतर पूर्ण वेळ तीच भुणभुण चालू राहते. मग खरी बाग बघा. १८६२ ला ही सुरू झाली ती झाडांसाठी, प्राणी नंतर आले, आणि एवढी जुनी, एवढ्या जातींची झाडं मुंबईत दुसरीकडे एकत्र बघायला मिळणं अवघड आहे. गोरखचिंचेचं खोड बघा, कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात ती बघा. मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली झाडांवर गदा येणार होती तेव्हा साध्या नागरिकांनी वर्षानुवर्षं भांडून ती वाचवली, त्यामुळे तिथे जाऊन नुसते पिंजरे बघून परत येऊ नका प्लीज.

बागेतच एक घोड्यावरचा राजा दिसेल, सातवा एडवर्ड. हाच तो काळा घोडा! १९६५ मध्ये फोर्टातून इथे आणला, नाव मात्र तिकडच्या भागालाच राहिलं. आणि म्युझियमच्या आवारात दगडी हत्ती आहे तो चुकवू नका, हा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलत होते तर क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, ते इकडे आणून नंतर जोडले. म्युझियम १८७२ चं, ते उभं राहावं म्हणून डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला होता. आत छत आणि लोखंडी खांब बघायला मान वर करून हळूहळू फिरा, वरच्या मजल्यावरची मातीची छोटी माणसं, तेव्हाच्या मुंबईतले वेगवेगळ्या जातीधर्माचे पोशाख, हे मला सगळ्यात आवडतं.

दुपारी लोकलने सीएसएमटी. तिथून चालत हॉर्निमन सर्कल, सावलीत बसून डबा खायला एकदम बेस्ट. पूर्वी इथे मोकळं मैदान होतं आणि परदेशी जाणाऱ्या कापसाचे ढीग इथे लागायचे, समोर एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, १८३३ ची इमारत. पुढे काळा घोडा, तिथे आता २०१७ पासून बिनस्वाराचा नवीन घोडा आहे. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, चित्रातलं कळत नाही म्हणून बाहेरूनच जाऊ नका, बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात आणि विचारलं की मनापासून सांगतात. शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण ते उरकायचं म्हणून बघू नका, वेळ कमी असेल तर सरळ दुसऱ्या दिवसावर ठेवा. संध्याकाळी गेटवे, तेव्हा वाराही असतो.

घारापुरीला वेगळा दिवसच द्या. गेटवेहून बोटीला साधारण तासभर लागतो, सकाळची पकडा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात, आधी चौकशी करा. वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या, म्हातारी माणसं असतील तर थांबत थांबत चढा, आणि खाऊ हातात धरू नका, माकडं हिसकावतात. मुख्य लेण्यातल्या तीन मुखांच्या सदाशिवासमोर जरा वेळ बसा, डोळे अंधाराला सरावले की मगच चेहऱ्यांमधला फरक दिसायला लागतो. परतीची शेवटची बोट किती वाजता ते मात्र उतरतानाच विचारून ठेवा.