पाणी काचेसारखं नितळ होतं, तरी पोट का बिघडलं? जिआर्डियाबाबत या चुका टाळा

पावसाळी ट्रेकहून परतून दहा दिवस झालेले. एके सकाळी पोट गुरगुरायला लागतं, कुजक्या अंड्यासारखे ढेकर येतात, शौचाला पातळ, फिकट आणि तेलकट होतं, वासही नेहमीचा नसतो. आठवते ती आदल्या संध्याकाळची भेळ. बिचारा भेळवाला!

इथेच पहिली चूक होते. जिआर्डिया हा लहान आतड्यात चिकटून राहणारा एकपेशीय परजीवी आहे, आणि पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून कालचं खाणं आठवण्यापेक्षा मागच्या पंधरवड्यातलं पाणी आठवा. गडावरचं टाकं, शेतावरची विहीर, ओढा, गावच्या जत्रेतलं सरबत. माझ्या बाबतीत ते टाकं होतं.

"वाहतं पाणी शुद्धच असतं"

पाणी वाहतं म्हणून शुद्ध होत नाही. वरच्या अंगाला कोणी शौचाला बसलं असेल, गुरं फिरली असतील, तर खाली तुमच्या बाटलीत काय येतं हे डोळ्यांना दिसत नाही. हा जीव शरीराबाहेर पडतो तो कवच पांघरून. या कवचबंद रूपाला सिस्ट म्हणतात. आकार ८ ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. थंड पाण्यात हे सिस्ट कित्येक आठवडे जिवंत राहतात, आणि आजारी पडायला दहाएक सिस्टही पुरे होतात.

पुढच्या बहुतेक चुका हे कवच विसरल्यामुळेच होतात. चौपदरी फडक्याने गाळलं तर गाळ अडतो, सिस्ट आरपार जातात. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जीव मरत नाही. तांब्याच्या हंड्याचं कौतुक मलाही आहे, पण या कामासाठी त्याच्यावर विसंबू नका. बर्फात गोठवूनही खात्री नाही.

क्लोरीनचं थोडं समजून घ्यायला हवं. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते, आशाताई मेडिक्लोरची, म्हणजे द्रव क्लोरीनची, बाटली देऊन जातात. कॉलरा, टायफॉइडच्या जंतूंसाठी हे फार मोलाचं आहे, ते बंद करू नका. पण नेहमीच्या अर्ध्या तासात जिआर्डियाचं कवच भेदलं जाईलच असं नाही, त्यातून पाणी थंड किंवा गढूळ असेल तर नाहीच.

मग खात्रीचा उपाय? उकळणं. नुसतं कोमट नको, खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. २००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे तीन मिनिटं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं, तीन मिनिटांचा हिशेब लडाख-हिमाचलला जाणाऱ्यांसाठी. ट्रेकसाठी फिल्टर घेणार असाल तर त्याची छिद्रं १ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असल्याचं वेष्टनावर वाचून घ्या.

आणि उकळलेलं पाणी माठात ओतून त्यात हातासकट पेला बुडवायचा, ही घरोघरची चूक. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. सॅनिटायझरही या कवचापुढे फारसा चालत नाही, हात साबणानेच धुवा, विशेषतः बाळाचं लंगोट बदलल्यावर.

"जंताची गोळी घेतली की"

शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी गोल कृमींसाठी असते. तिच्या एका डोसने जिआर्डिया जाईल असं धरून चालू नका. उलट, जुनी चिठ्ठी काढून दुकानातून जिआर्डियावरची मेट्रोनिडाझोलची गोळी आणायची, दोन दिवस खायची आणि तोंडाला धातूसारखी चव आली म्हणून सोडून द्यायची, हेही सर्रास चालतं. औषध आणि दिवस डॉक्टरांना ठरवू द्या, ठरलेले दिवस पुरे करा. या गोळ्यांवर दारू चालत नाही, संपल्यावरही तीन दिवस नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर घरगुती डॉक्टरकी नकोच. शौचातून रक्त पडत असेल किंवा चांगला ताप असेल, तर दुखणं बहुधा वेगळं आहे, त्याच दिवशी दाखवा.

"रिपोर्ट नॉर्मल आला"

सिस्ट रोज बाहेर पडत नाहीत. एकाच दिवसाचा नमुना कोरा निघणं अगदी शक्य आहे. त्रास चालूच असेल तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत, किंवा अँटीजेन तपासणीबद्दल (शौचाच्या नमुन्यात या जीवाचे प्रथिनांचे अंश शोधणारी) विचारावं.

औषध संपलं, तरी दूध प्यायलं की पोट फुगतं? लगेच दुसरा कोर्स मागू नका. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की दुधातली साखर पचवणारं विकर काही काळ कमी पडतं. आधी पुन्हा तपासणी करून घ्या, तोवर दूध बंद ठेवून दही-ताक सोसतं का ते पाहा. मला दुधाचा चहा पचायला महिना लागला, आणि कोऱ्या चहाची सवय लागली ती तेव्हाची.